काट्याच्या बाई आणि कीबोर्डची वरची ओळ

काट्याच्या बाई काम करताना कधीच कॉम्प्युटरकडे बघत नसत. कीबोर्डकडे नाही आणि स्क्रीनकडेही नाही. तोंड खिडकीकडे, डावा हात माइकच्या बटणावर, उजवा हात कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीवर. बाहेर प्लेटवर ट्रक येऊन उभा राही आणि आत बाईंची बोटं आपापली कामं उरकून मोकळी होत. प्रिंटर करकरला की बाई पावती फाडून खिडकीबाहेर धरत आणि म्हणत, "वाचून घ्या." ड्रायव्हरने गाडीचा नंबर आणि वजन मोठ्याने वाचलं की पुढचं वाक्य ठरलेलं असे, "हां. जाऊ दे गाडी." हे सगळं अर्ध्या मिनिटात. पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमच्या शेठचा वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी प्लेट आणि तिच्या कडेला एक चिंचोळी केबिन. गाडी आधी रिकामी तोलायची, माल भरून आली की पुन्हा तोलायची. दोन्हींतला फरक तो मालाचा. काम म्हणाल तर एवढंच. पण त्या एका फरकावरून व्यापारी-व्यापाऱ्यांत हातघाई झालेली मी पाहिली आहे. बाई त्या केबिनमध्ये माझ्या आधी चौदा वर्षं होत्या. तळवलीच्या. सासऱ्यांची खाडीकाठची शेती गेल्यावर घरातली पहिली नोकरी बाईंनी धरली ती हीच. त्यांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. शेठपासून क्लीनरपर्यंत सगळे त्यांना काट्याच्या बाई म्हणत आणि परमुलखातले ड्रायव्हर मौसी.

मी खांदेश्वरहून येत असे. पस्तिशी गाठलेली, मुलगी पाचवीत, नवऱ्याची कंपनी बंद पडलेली आणि पदरात कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा. त्या डिप्लोमाचा मला भारी तोरा. बाई सकाळी सात ते दोन बसत, मी दोन ते नऊ. शिकण्यासाठी पहिले काही आठवडे सकाळीच त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायचं होतं. मी गेल्या गेल्या माउस शोधला. तो कपाटावर, वायर गुंडाळून ठेवलेला होता.

"तो नको," बाई म्हणाल्या. "माउस म्हंजी बोट दाखवून मागनं. ते दे, हे दे. बटन म्हंजी नावानं हाक. नाव ठाव असलं तर बोट कशाला दाखवायचं?"

त्यांची नावं ठरलेली होती. एफ-टू म्हणजे नवी पावती, एफ-फाइव्ह म्हणजे रिकामं वजन, एफ-सिक्स म्हणजे भरलेलं, एफ-नाइन म्हणजे छपाई. एफ-फाइव्ह आणि एफ-नाइनवर बाईंनी आपल्या पाकिटातल्या खड्याच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. मी हसून म्हटलं, "बाई, कीबोर्डला हळदीकुंकू?" त्या म्हणाल्या, "सवाशीन हाय ती मशीन. असू दे." मी घरी जाऊन ही गंमत नवऱ्याला सांगितली. माझ्या डोळ्यांसमोर ज्या गोष्टी होत्या त्या मला किती कमी दिसत होत्या, त्याचा हा पहिला नमुना.

बाईंची दुसरी रीत सगळ्या बाजाराला माहीत होती. प्लेटवर गाडी थांबली की वजनाचा आकडा बाहेर खांबावरच्या मोठ्या लाल दिव्यांत उमटतो. तोच आकडा आत कॉम्प्युटरमध्ये आपोआप येतो. इतर काट्यांवर ऑपरेटर तो बघून पावती काढतो आणि ड्रायव्हर पावती खिशात घालून निघतो. आमच्याकडे तसं चालत नसे. बाई माइकवरून विचारत, "बोला, कती दिसतंय?" ड्रायव्हरने आधी गाडीचा नंबर सांगायचा, तो बाई टाइप करत, मग लाल आकडा मोठ्याने बोलायचा. मग छपाई. मग पावती पुन्हा वाचून घ्यायची. एखादा घाईचा ड्रायव्हर कुरकुरला तर बाई म्हणत, "वजन ज्याचं त्यानं बोलावं. उद्या बोलशील काट्यानं फसवलं. तुज्या तोंडानं निगालं तर कोनाला फसवलं बोलशील?" या एका रीतीमुळे आमच्या काट्यावर भांडण म्हणून होत नसे. व्यापारी दुसरीकडचा रिकामा काटा सोडून आमच्याकडे रांग लावत.

आणि बाईंची आठवण. तिच्यापुढे मी सपशेल हात टेकले. नेहमीच्या दीडदोनशे गाड्यांची रिकामी वजनं त्यांना तोंडपाठ होती. एकदा सांगलीकडचा एक ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन आला. शेवटचे आकडे चाळीस सोळा. त्याने लाल आकडा वाचला, आठ टन दोनशे साठ. बाईंचं बोट एफ-फाइव्हवर होतं, ते तिथेच थांबलं.

"चाळीस सोला ना? तुजी गाडी सात नऊशेची. साडेतीनशे किलो कुटून आनलंस?"

"डिझेल भरलंय मावशी."

"डिझेल एवडं? टाकीत पोहतोस काय? जा, केबिनमदला दगड काडून ये."

केबिनमध्ये, सीटमागे, गोणपाटाखाली खरोखरच दगड निघाले. रिकामी गाडी जड दाखवायची, नंतर दगड टाकून द्यायचे, म्हणजे तेवढं लोखंड हिशेबाबाहेर निसटतं. क्लीनर एकेक दगड खाली टाकत होता आणि ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. बाईंनी शेठकडे तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, "काट्यावर येताना केबिनमदी काय लपवू नको. बाहेर कायपन कर." नंतर तो माणूस आमचा सगळ्यात सरळ ड्रायव्हर झाला. लाल आकडा तो विचारायच्या आधीच बोलून टाकी.

अशी पाच वर्षं गेली. मुलगी दहावीत गेली. संध्याकाळी ती एकटी घरी आणि मी काट्यावर, याचं टेन्शन मला जेवू देत नव्हतं. मला सकाळची ड्युटी हवी होती. पण सकाळ बाईंची होती आणि ती मागायची कुणाची छाती नव्हती.

मग जुना कॉम्प्युटर गेला. शेठनी लॅपटॉप आणला. आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या सकाळी तुम्ही पण या. बाईंना नवीन मशीन जमली तर ठीक. नाहीतर सकाळ तुम्ही घ्या, बाईंना ऑफिसमध्ये बसवू, फायली लावायला." मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात मुलीचं वेळापत्रकही आखून टाकलं.

सकाळी सात वाजता लॅपटॉप टेबलावर आणि गाड्या रांगेत. बाईंनी कीबोर्डवरून हात फिरवला, पाकिटातून टिकल्यांचं पान काढलं, बोटांनी मोजत दोन टिकल्या चिकटवल्या आणि माइकचं बटण दाबलं. ड्रायव्हरने आकडा बोलला. एफ-टू, एफ-फाइव्ह, एफ-नाइन. प्रिंटर गप्प.

बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा गप्प. मी शेजारून बघत होते आणि कारण मला लगेच कळलं. या लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या बटणांवर बारीक चित्रं होती. सूर्य, कर्णा, विमान. एफ-टू दाबलं की नवी पावती येत नव्हती, स्क्रीनचा उजेड एक पायरी उतरत होता. नवीन लॅपटॉपची ही खोडच असते. एफ म्हणून बटण चालवायचं तर खालच्या कोपऱ्यातलं एफ-एन सोबत दाबावं लागतं. बाईंनी वैतागून एफ-टू दाबून धरलं. उजेड सरसर उतरत गेला आणि केबिनच्या त्या लख्ख उन्हात स्क्रीन काळीठिक्कर पडली.

मी वाट बघत होते की बाई आता म्हणतील, अगं हे बंद पडलं.

बाई म्हणाल्या, "प्रिंटरची वायर बघ गं, शुभांगी. बोलत नाय तो."

समोर काळी स्क्रीन आणि बाई मला प्रिंटरची वायर बघायला सांगत होत्या. टिकल्या आठवल्या. "कती दिसतंय" आठवलं. "वाचून घ्या" आठवलं. "माज्या चष्म्याचा नंबर बदललाय, चलान तू वाच," हे गेली तीन वर्षं ड्युटी बदलताना मी रोज ऐकत होते, तेही आठवलं. पाच वर्षं मी या बाईच्या शेजारी ऊठबस केली होती, आणि डिप्लोमा माझ्याकडे होता.

"बाई," मी म्हटलं, "स्क्रीन काळी झालीय."

त्यांचं बोट एफ-टूवरून उठलं. बाहेर ड्रायव्हर ओरडला, "मौसी, हो गया क्या?" बाईंनी माइकचं बटण दाबलं, "दोन मिन्ट थांब रे," म्हणाल्या आणि बटण सोडलं. मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "कललं तुला."

"कधीपासून?"

"अक्षर जाऊन तीन वरसं. डोल्याचा पडदा तू यायच्या आदीपासून सुकत चाललाय बोलतात. कडंचं दिसतं, समोरचं पुसलंय. गाडीची सावली दिसते, मानूस चालताना दिसतो. अक्षर नाय दिसत. शेठला सांगायचं तर सांग. पन आधी ती वरची लाइन नीट कर. गाड्या उब्या हायत."

मी हे वाक्य आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. एकोणीस वर्षांची जागा जायची वेळ आली होती आणि या बाईला रांगेतल्या गाड्यांची काळजी. मला माझी लाज वाटली. नुसतं गप्प बसले असते तरी सकाळची ड्युटी माझी होती. शेठ आले असते, बाईंना जमत नाही हे त्यांनी बघितलं असतं, संपलं. कुणी मला बोल लावला नसता.

मी लॅपटॉपच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे, एफ-एन दाबून ठेवायला सांगा ना." मी म्हटलं, दुसरा हात माइकवर असतो. तो म्हणाला, मग माइक सोडायला सांगा. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही इथे येऊन बाईंना माइक सोडायला सांगा." तेव्हा कुठे त्याने खरा उपाय सांगितला. मशीन बंद करून चालू करायची, चालू होताना एफ-टेन दाबत राहायचं, म्हणजे एक निळं पान उघडतं. तिथे ॲक्शन कीज मोड नावाची ओळ आहे, ती बंद करायची.

निळं पान उघडलं. मी वाचत होते आणि बाणांची बटणं बाई स्वतः दाबत होत्या. "उजवीकडे," मी म्हटलं. "अजून एकदा. आता खाली. खाली. खाली. खाली. खाली." बाईंचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या. एंटर, खाली एक, एंटर, आणि सेव्ह करायला एफ-टेन. मशीन पुन्हा चालू झाली तेव्हा बाई पुटपुटल्या, "उजवा दोन, खाली पाच, एंटर, खाली एक. ठेवलं." कुठे ठेवलं ते विचारायची गरज नव्हती. जिथे दीडदोनशे गाड्या ठेवल्या होत्या, तिथेच.

एफ-टू, एफ-फाइव्ह, एफ-नाइन. प्रिंटर करकरला. बाईंनी पावती फाडली, बाहेर धरली. "वाचून घ्या." आवाज तोच, जरासुद्धा हललेला नाही. मीच पदराने डोळे पुसत होते.

एक वाजता शेठ आले. "काय, जमलं का?" मी तोंड उघडलं, जमलं, एवढंच म्हणून गप्प बसायचं मी ठरवलं होतं. पण बाई आधी बोलल्या.

"लॅपटॉपचं जमलं, शेठ. दुसरं एक बोलायचं हाय. लोकांच्या केबिनमदले दगड मी काडायला लावते. माज्या केबिनमदी पन एक हाय. मना अक्षर दिसत नाय. तीन वरसं झाली."

शेठ स्टुलावर बसले. विचारलं, "आणि तीन वर्षांच्या पावत्या?"

"तपासून घ्या," बाई म्हणाल्या. "तवर मी घरी थांबते." डबा उचलला आणि निघाल्या.

शेठनी खरंच तपासल्या. ज्या ज्या व्यापाऱ्याने तोच माल दुसऱ्या काट्यावरही तोलला होता, त्याच्याकडच्या पावत्यांशी आमच्या पावत्या ताडून पाहिल्या. चार दिवस लागले. ते चार दिवस मी सकाळच्या खुर्चीत बसले, मला हव्या असलेल्या त्याच खुर्चीत, आणि ती मला टोचत होती. प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून डोकावून विचारी, बाई कुठे. चाळीस सोळावाला तर पावती न घेताच उभा राहिला. पाचव्या दिवशी शेठ कागद घेऊन आले. चूक एकच निघाली होती. गाडीचा एक आकडा चुकलेला. ती पावती संध्याकाळची होती, म्हणजे माझी.

शेठ त्याच दुपारी तळवलीला गेले. बाईंनी परत यायला एक अट घातली, पावतीवर सही डोळस माणसाने बघून करायची. म्हणून संध्याकाळला दुसरा माणूस आला आणि सकाळची ड्युटी अखेर मला मिळाली, बाईंच्या शेजारच्या त्याच स्टुलावर. दीड वर्ष मी तिथे बसून सह्या केल्या आणि कामापेक्षा बाईंनाच जास्त बघितलं. लॅपटॉपने मधे एकदा अपडेट घेऊन सगळं मूळपदावर नेलं. मी पाणी प्यायला गेले होते. येईपर्यंत बाईंनी उजवा दोन, खाली पाच करून लाइन लावलीही होती.

मग एका सकाळी त्यांनी पहिलीच गाडी थांबवली आणि मला म्हणाल्या, "मागचं चाक प्लेटवर हाय का बघ." नव्हतं. हातभर बाहेर होतं. बाई हसल्या. "सावली पन गेली आता. अर्द्या गाडीचं वजन द्यायला मी बसनार नाय." दुपारी दोन वाजता त्या उठल्या, टिकल्यांचं अर्धं पान माझ्या हातात दिलं आणि पुन्हा काट्यावर आल्या नाहीत. मी खूप म्हटलं, शेठ खूप म्हणाले. काट्यावर खोटं चालत नाही, आणि तो नियम बाईंनी स्वतःसाठी सैल केला नाही.

आता ती खुर्ची माझी आहे. माझे डोळे शाबूत आहेत, तरी मी अजून ड्रायव्हरला विचारते, बोला, किती दिसतंय. टिकल्याही लावते. गेल्या महिन्यात शेठनी दुसरा लॅपटॉप आणला. वरची ओळ अर्थातच चित्रांची. मी एफ-टेन दाबलं, आणि काय मनात आलं देव जाणे, डोळे मिटले. बाईंसारखं. उजवा दोन, खाली पाच, एंटर, खाली एक, एंटर. डोळे उघडले तर सगळं पान चिनी का जपानी झालेलं. या मशीनवर पाचव्या ओळीत भाषा होती.

बाहेर तीन गाड्या. मी बाईंना फोन लावला. त्या आता तळवलीला मुलाकडे असतात. सगळा अंधार आहे, पण फोन पहिल्या घंटीला उचलतात. मी झालेला प्रकार सांगितला.

"डोले मिटून केलंस ना?"

"हो, बाई."

"येडी हायस. मना नव्हते म्हनून मी मोजत होते. तुला हायत ना? मग वापर. मशीन बंद कर, परत चालू कर, आनि एकेक लाइन वाच. मी थांबते फोनवर."

मी तसंच केलं. सेव्ह केलं नव्हतं, म्हणून पान पुन्हा इंग्रजीत आलं. एकेक ओळ वाचली. सातव्या ओळीवर ॲक्शन कीज मोड सापडला, तो बंद केला. फोन टेबलावर ठेवला, माइकचं बटण दाबलं, एफ-टू, एफ-फाइव्ह, एफ-नाइन. प्रिंटर करकरला.

"बोलला," फोनमधून आवाज आला. "कोनाची गाडी?"

"चाळीस सोळा."

"कती दिसतंय?"

मी खिडकीतून वर खांबाकडे पाहिलं, लाल आकडा नीट वाचला आणि मोठ्याने सांगितला, "सात टन नऊशे."

"हां," बाई म्हणाल्या. "जाऊ दे गाडी."